पाण्याखाली कोणाच्या भरवशावर?

मालवणच्या जेटीवर किंवा तारकर्लीच्या किनाऱ्यावर स्कूबाची चौकशी करायला आलेला माणूस पहिला प्रश्न बहुधा हाच विचारतो : "पोहता येत नाही, चालेल का?" समोरून उत्तर येतं, "चालेल की! तुम्हाला काहीच करायचं नाही, आम्ही धरून नेतो." दुसरा प्रश्न पैशांचा असतो, तिसरा व्हिडिओचा. एवढ्यावर व्यवहार ठरतो आणि थोड्याच वेळात घरातली तीन-चार माणसं होडीत बसलेली असतात.

पुढच्या सुट्टीत हेच कुटुंब अंदमानच्या स्वराज द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवर जातं. कधी थायलंडला, कधी मालदीवला. तिथे एकाच रस्त्यावर पाच-सहा डायव्हिंग शाळा असतात. सगळ्यांच्या पाट्यांवर कासव आणि निळं पाणी असतं, सगळ्यांकडे चांगले शेरे असतात. नवख्या माणसाने त्यांतून निवड कशी करायची?

या प्रकरणात त्यासाठी एक कसोटी धरली आहे : शाळा 'नाही' कधी म्हणते? कोणाला पाण्यात नेत नाही, कोणत्या दिवशी होडी सोडत नाही, किती माणसांनंतर बुकिंग थांबवते? हे प्रश्न महत्त्वाचे का आहेत, ते कळण्यासाठी आधी पाण्याखाली शरीराचं काय होतं ते समजून घ्यायला हवं.

१. पोहता न येणारा खाली जाऊ शकतो का?

जाऊ शकतो, पण त्यासाठी दोन वेगळ्या गोष्टींत फरक करावा लागतो.

पहिली गोष्ट म्हणजे अनुभव-डाइव्ह. मालवणला बहुतेक पर्यटक हीच करतात. यात इन्स्ट्रक्टर पर्यटकाला सतत हाताच्या अंतरावर ठेवतो आणि तरंगणं-बुडणं, दिशा, खोली हे सगळं तोच सांभाळतो. पॅडी या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण संस्थेच्या नियमांत अशा डाइव्हची कमाल खोली १२ मीटर आणि किमान वय १० वर्षं आहे. पोहण्याची परीक्षा यात नसते.

दुसरी गोष्ट म्हणजे कोर्स. 'ओपन वॉटर डायव्हर' हा त्यातला पहिला टप्पा. तो साधारण तीन-चार दिवस चालतो. त्यात अभ्यास असतो, उथळ पाण्यातला सराव असतो आणि समुद्रात चार डाइव्ह असतात. तो पूर्ण करणारा माणूस जोडीदाराबरोबर १८ मीटरपर्यंत जाऊ शकतो. या कोर्ससाठी मात्र पोहता यावं लागतं : न थांबता २०० मीटर पोहायचं, किंवा मास्क, स्नॉर्केल आणि फिन्स लावून ३०० मीटर, शिवाय १० मिनिटं आधाराशिवाय तरंगायचं.

म्हणून पोहता न येणाऱ्याला अनुभव-डाइव्हला नेणारी शाळा काही चुकीचं करत नाही. पण त्याच माणसाला 'दोन दिवसांत कोर्सचं कार्ड मिळवून देतो' असं कोणी सांगत असेल, तर तिथूनच परत फिरावं.

२. वीस फूट म्हणजे उथळ का?

"फक्त वीस फूट तर जायचंय" हे वाक्य किनाऱ्यावर नेहमी ऐकू येतं. ते किती खरं आहे, हे आकड्यांवरून पाहता येतं.

समुद्रसपाटीवर आपल्या अंगावर हवेचा जो दाब असतो, त्याला 'एक वातावरण' म्हणू. समुद्रात दर १० मीटर खाली गेलं की आणखी एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे १० मीटरवर दोन, २० मीटरवर तीन, ३० मीटरवर चार. दाब दुप्पट झाला की हवेचं आकारमान निम्मं होतं. रॉबर्ट बॉइलने सतराव्या शतकात मांडलेला हा नियम शाळेत सगळ्यांनी शिकलेला असतो.

याचा पहिला प्रत्यय कानांना येतो. घाट उतरताना कानात दडे बसतात ते याच कारणाने. पाण्यात ते पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच बसतात. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारली की ते सुटतात. दुखायला लागण्याआधीच हे करावं लागतं आणि दर थोड्या अंतराने पुन्हा करावं लागतं. सर्दी झालेली असेल तर दडे सुटत नाहीत, पडद्याला इजा होऊ शकते. अशा माणसाला "आज नको" म्हणणं हे इन्स्ट्रक्टरचं काम आहे.

दुसरी बाब फुप्फुसांची आणि ती जास्त गंभीर आहे. सहा मीटरवर, म्हणजे साधारण वीस फुटांवर, दाब १.६ वातावरण असतो. तिथे एखाद्याने सिलिंडरमधून पूर्ण श्वास घेतला आणि त्याच्या छातीत सहा लिटर हवा भरली असं समजू. तो घाबरला, श्वास रोखून धरला आणि सरळ वर निघाला, तर पृष्ठभागावर तीच हवा ६ × १.६ म्हणजे ९.६ लिटर जागा मागते. फुप्फुसात तेवढी जागा नसते. त्यामुळे ऊती फाटू शकतात आणि हवेचे बुडबुडे थेट रक्तात शिरू शकतात. ही इजा जेमतेम सव्वा-दीड मीटरवरून वर येतानाही होऊ शकते.

म्हणूनच स्कूबातला पहिला नियम असा, की श्वास कधीही रोखायचा नाही. माणूस मात्र घाबरला की आपोआप श्वास रोखतो. ही सवय मोडायला उथळ पाण्यातला सराव लागतो. कमरेइतक्या पाण्यात गुडघे टेकून तोंडातला रेग्युलेटर, म्हणजे श्वासासाठी हवा देणारं तोंडाचं उपकरण, काढायचा, परत घालायचा. मास्कमध्ये थोडं पाणी घेऊन ते नाकाने फुंकून बाहेर काढायचं. हा सराव करून न घेता होडीच्या कडेवरून माणसाला सरळ खोल पाण्यात उतरवणारी शाळा वीस फुटांच्या नावाखाली सगळ्यात धोकादायक टप्पा गाळते. आकडेच सांगतात, की हवेच्या आकारमानातला सगळ्यात मोठा फरक पहिल्या दहा मीटरमध्येच होतो : २० मीटरवरून १० मीटरवर येताना हवा दीडपट होते, १० मीटरवरून वर येताना दुप्पट.

३. हळू का वर यायचं?

सिलिंडरमध्ये साधी, दाबून भरलेली हवा असते. तिच्यात सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. जमिनीवर हा वायू आपल्याला ना उपकार करतो ना अपकार. दाब वाढला की मात्र तो रक्तात आणि ऊतींमध्ये जास्त विरघळू लागतो. जितकं खोल आणि जितका वेळ, तितका साठा मोठा.

वर येताना तो बाहेर पडायला लागतो. सोड्याच्या बाटलीचं झाकण हळूहळू सैल केलं तर गॅस निमूट निघून जातो, एकदम उघडलं तर फेस उसळतो. डायव्हरच्या शरीरातही तसंच होतं. तो झपाट्याने वर आला तर नायट्रोजनचे बुडबुडे होतात. ते सांध्यांत अडकले तर असह्य वेदना होतात. मज्जारज्जूत किंवा मेंदूत अडकले तर अर्धांगवायूसुद्धा होतो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा पाया नदीतळाशी दाबलेल्या हवेच्या पेट्यांत बसून खोदला जात होता, तेव्हा अनेक कामगारांना हा आजार जडला. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंगही १८७२ मध्ये त्यानेच अंथरुणाला खिळला. पुढे जॉन स्कॉट हॉल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने बकऱ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्याने वर येण्याची पद्धत १९०८ मध्ये मांडली.

आजचा प्रघात सोपा आहे. मिनिटाला सुमारे नऊ मीटरपेक्षा जास्त वेगाने वर यायचं नाही आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर खोली आणि वेळ मोजून किती थांबायचं ते सांगतो. कोर्स करणाऱ्याने शाळेला नक्की विचारावं : प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचा कॉम्प्युटर मिळतो, की फक्त इन्स्ट्रक्टरच्या हातावर असतो?

४. सिलिंडर किती वेळ पुरतो?

इथे एक छोटं गणित करून पाहू. बारा लिटरचा सिलिंडर २०० बार दाबाने भरला, तर त्यात १२ × २०० म्हणजे २,४०० लिटर हवा असते. त्यातली ५० बार, म्हणजे ६०० लिटर, राखीव ठेवायची. वापरायला उरली १,८०० लिटर.

शांतपणे श्वास घेणारा माणूस जमिनीवर मिनिटाला सुमारे २० लिटर हवा वापरतो असं धरू. दहा मीटरवर दाब दुप्पट, म्हणून खर्चही दुप्पट : मिनिटाला ४० लिटर. १,८०० ला ४० ने भागलं की ४५ मिनिटं येतात. वीस मीटरवर खर्च ६० लिटर, वेळ ३० मिनिटं. नवखा, धडधडत्या छातीचा माणूस मिनिटाला ३० लिटर घेत असेल, तर त्याची दहा मीटरवरची ४५ मिनिटं अर्ध्या तासावर येतात.

या हिशेबातून शाळेबद्दल दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे प्रत्येकाला आपला दाबमापक दिसला पाहिजे, तो वाचता आला पाहिजे आणि हाताच्या खुणेने आकडा सांगता आला पाहिजे. दुसरी म्हणजे गटातल्या ज्याची हवा सगळ्यात आधी संपत येते, त्याच्या हिशेबाने डाइव्ह चालली पाहिजे. "तुमच्या हवेकडे आमचं लक्ष असतं, तुम्ही मासे बघा" हे उत्तर ऐकायला प्रेमळ वाटतं, पण शिकवणाऱ्या शाळेचं ते उत्तर नाही.

हवा कशी भरली जाते तेही पाहावं. कॉम्प्रेसर डिझेल किंवा पेट्रोलवर चालत असेल आणि त्याचा धूर हवा आत घेणाऱ्या नळीजवळ येत असेल, तर सिलिंडरमध्ये कार्बन मोनॉक्साइड जाऊ शकतो. जमिनीवर जेमतेम जाणवेल इतकं प्रमाणही खोलीवर घातक ठरतं. हवेला तेलाचा किंवा धुराचा वास येत असेल तर तो सिलिंडर बाजूला ठेवायचा. चांगली शाळा भरण्याची जागा दाखवायला आढेवेढे घेत नाही, फिल्टर कधी बदलला त्याची नोंद ठेवते आणि सिलिंडरच्या खांद्यावर ठोकलेली चाचणीची तारीख स्वतःहून दाखवते.

५. भिंतीवरचं प्रमाणपत्र काय सांगतं?

जगात डायव्हिंग शिकवण्याची एकच सरकारी परीक्षा नाही. पॅडी (१९६६), एसएसआय (१९७०), फ्रेंच समुद्रसंशोधक झाक कुस्तोच्या पुढाकाराने उभी राहिलेली सीमास (१९५९) अशा संस्था अभ्यासक्रम ठरवतात, इन्स्ट्रक्टर तयार करतात आणि त्यांना दरवर्षी नूतनीकरण करायला लावतात. या अभ्यासक्रमांचा पाया बराचसा सारखा आहे. त्यामागे आयएसओची आंतरराष्ट्रीय मानकंही आहेत. म्हणून 'पॅडी बरी की एसएसआय' या चर्चेत फार वेळ घालवण्याची गरज नाही. दोघांचंही कार्ड जगभर चालतं.

खरा प्रश्न माणसाचा असतो. भिंतीवर लावलेलं प्रमाणपत्र दुकानाचं असतं, पाण्यात मात्र एखादा ठरावीक माणूस बरोबर येतो. 'डाइव्ह मास्टर' हा अनुभवी सोबती असतो, तो प्रमाणित डायव्हरना फिरवू शकतो. नव्या माणसाला कोर्स शिकवण्याचा अधिकार इन्स्ट्रक्टरला असतो. प्रत्येक इन्स्ट्रक्टरला क्रमांक असतो आणि तो चालू वर्षासाठी वैध आहे का, हे संस्थेच्या संकेतस्थळावर पाहता येतं. क्रमांक विचारल्यावर कपाळाला आठ्या पडत असतील, तर त्याचा अर्थ लावायला वेळ लागू नये.

भाषाही तितकीच महत्त्वाची. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून सगळं आधी सांगावं लागतं आणि ते समजलं का हे तपासावं लागतं. एक साधं उदाहरण पुरे. अंगठा वर केला की एरवी 'झकास' असा अर्थ होतो. पाण्यात त्याचा अर्थ 'मला वर जायचं आहे' असा असतो. 'सगळं ठीक' सांगायला अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करायचं असतं. ही खूण इंग्रजीत घाईघाईने सांगून आजीबाईंना होडीत चढवलं, तर खाली गोंधळ होणारच. मालवणला मराठीतून, अंदमानात हिंदीतून शांतपणे समजावणारा शिक्षक मिळू शकतो. बुकिंगच्या वेळीच तशी मागणी करावी.

६. एका शिक्षकामागे किती जण?

पॅडीच्या नियमांत खुल्या समुद्रातल्या अनुभव-डाइव्हसाठी एका इन्स्ट्रक्टरमागे जास्तीत जास्त चार जण चालतात. ओपन वॉटर कोर्ससाठी आठ. हे कमाल आकडे आहेत आणि पाणी स्वच्छ, शांत असेल तेव्हाचे आहेत.

कोकण आणि गोव्याचं पाणी नेहमी तसं नसतं. नद्यांचा गाळ, ओहोटीचा ओढा आणि वाऱ्याची दिशा यांमुळे काही दिवस दोन-तीन मीटरपलीकडचं दिसत नाही. गोव्याच्या ग्रांद बेटाजवळ हा अनुभव नेहमीचा आहे. अशा पाण्यात चार नवख्यांना एका माणसाने सांभाळणं अशक्य असतं. त्या दिवशी एकास एक किंवा फार तर एकास दोन, आणि पाणी फारच गढूळ असेल तर डाइव्ह रद्द, हेच जबाबदार शाळेचं धोरण असतं. स्वराज द्वीपाच्या नेमो रीफवर एरवी पाणी पुष्कळ स्वच्छ असतं, तरी तिथल्या बऱ्याच शाळा अनुभव-डाइव्ह एकास एक अशीच घेतात.

याच टप्प्यावर आरोग्याचा फॉर्म येतो. दमा, फिट येणं, हृदयाचे विकार, कानाची किंवा सायनसची शस्त्रक्रिया, गरोदरपण यांबद्दल त्यात प्रश्न असतात. एखाद्या प्रश्नाला 'हो' असेल तर डॉक्टरची लेखी परवानगी लागते. "सगळीकडे 'नाही' लिहा, म्हणजे भानगड नको" असा सल्ला देणारी शाळा ग्राहकाच्या हातून स्वतःची जबाबदारी पुसून घेत असते. ज्याला दमा आहे त्याने निघण्याआधी पुण्या-मुंबईतच छातीच्या डॉक्टरला दाखवून घ्यावं. किनाऱ्यावर पोहोचल्यावर मोह आवरत नाही आणि डॉक्टरही हाताशी नसतो.

७. होडी हाही शाळेचाच भाग

डायव्हिंगमधला धोका फक्त पाण्याखाली असतो असं मानणं चूक आहे. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची होडी उलटली. होडीत सुमारे वीस जण होते. त्यांतल्या दोघांचा मृत्यू झाला. डाइव्ह संपली होती आणि किनारा जवळ आला होता.

मेच्या शेवटच्या आठवड्यात कोकणचा समुद्र फुगायला लागतो. पावसाळ्यात जलक्रीडा बंद ठेवण्याचा नियम याचसाठी आहे आणि ऑक्टोबर ते एप्रिल हा मालवणचा खरा हंगाम आहे. मे महिन्याच्या सुट्टीत गेलेल्या कुटुंबाने आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा इशारा पाहावा आणि शाळेला विचारावं, "उद्या समुद्र खवळलेला असेल तर पैसे परत मिळतात का, की पुढची तारीख?" ज्या शाळेला डाइव्ह रद्द केल्याने काहीच परत द्यावं लागत नाही, तिला रद्द करणं सोपं जातं. पर्यटकाच्या बाजूने मात्र पैसे परत मिळण्याची लेखी अट असावी, म्हणजे तोही 'जाऊच या' असा हट्ट धरत नाही.

होडीवर पाय ठेवताना काही गोष्टी डोळ्यांनी पाहता येतात. प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट आहे का आणि ते जाता-येता अंगावर घालायला लावतात का? क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरली आहेत का? शुद्ध ऑक्सिजनचा वेगळा सिलिंडर आणि मास्क आहे का? डायव्हिंगच्या आजारात पहिला उपचार शंभर टक्के ऑक्सिजनचा असतो, म्हणून हा संच होडीवरच हवा. दुकानात ठेवून उपयोग नाही. सगळे डायव्हर पाण्यात असताना होडीवर चालवणारा माणूस थांबतो का?

मोजणीचंही असंच. जानेवारी १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर एका अमेरिकी दांपत्याला समुद्रातच ठेवून होडी परतली. माणसं मोजण्यात चूक झाली होती आणि ती दोन दिवसांनी लक्षात आली. ते दोघे कधीच सापडले नाहीत. त्यानंतर क्वीन्सलँडमध्ये मोजणीचे नियम कडक झाले. आज चांगल्या होडीवर कागदावर नावं असतात. पाण्यात उतरताना आणि वर आल्यावर प्रत्येक नावासमोर खूण होते, आणि 'सगळे आले ना?' या आरोळीवर कोणी विसंबत नाही.

शेवटचा प्रश्न अपघाताचा : "काही झालं तर कुठे नेणार आणि किती वेळात?" नायट्रोजनच्या आजारावर दाबकक्षात उपचार करतात, रुग्णाला बंद कक्षात पुन्हा दाबाखाली ठेवून हळूहळू बाहेर आणतात. अंदमानात असा कक्ष पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताच्या श्री विजयपुरम, इथल्या नौदलाच्या रुग्णालयात आहे. स्वराज द्वीपावरून तिथे समुद्रमार्गे जायला दोनेक तास लागतात. शाळेला हा रस्ता, फोन नंबर आणि रात्रीची सोय पाठ असली पाहिजे. प्रवास विमा घेताना त्यात स्कूबा समाविष्ट आहे का, हेही वाचावं; बऱ्याच साध्या पॉलिसी साहसी खेळ वगळतात.

८. माशांना पाव घालणारी शाळा

आता समुद्राची बाजू. ज्यासाठी माणूस खाली जातो ते प्रवाळ म्हणजे लाखो सूक्ष्म प्राण्यांनी बांधलेली वसाहत. गोल, दगडासारखी दिसणारी प्रवाळं वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. नवख्या डायव्हरच्या फिनचा एक फटका दहा-वीस वर्षांची वाढ मोडू शकतो. शिवाय समुद्राचं पाणी तापल्यामुळे प्रवाळ आधीच अशक्त आहे; २०१० मध्ये अंदमानात फार मोठ्या प्रमाणावर प्रवाळ पांढरं पडलं होतं.

मालवणचं महत्त्व यात मोठं आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात प्रवाळ आहे आणि १९८७ मध्ये इथे २९.१२ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कायद्याने त्याला वाघाइतकंच संरक्षण आहे. आठवण म्हणून तुकडा उचलणं हा गुन्हा ठरतो.

तरीही काही ठिकाणी व्हिडिओत मासे भरपूर दिसावेत म्हणून पाव किंवा बिस्किटं चुरून टाकली जातात. मासे गोळा होतात, ग्राहक खूश होतो. पण जे मासे एरवी प्रवाळावरचं शेवाळ खाऊन ते साफ ठेवतात, ते आयत्या खाण्याकडे वळतात. शेवाळ वाढतं, प्रवाळ गुदमरतं. तसाच प्रश्न नांगराचा. रोज दहा होड्यांनी एकाच पट्ट्यात नांगर टाकला तर वर्षभरात तिथे दगडांचा खच उरतो. कायम बांधून ठेवलेल्या तरंगत्या बोयाला दोर लावणं हा त्यावरचा सरळ उपाय आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २००४ मध्ये सुरू केलेला आणि रीफ-वर्ल्ड फाउंडेशनबरोबर चालवलेला 'ग्रीन फिन्स' हा उपक्रम नेमक्या याच सवयी तपासतो. नांगर, खाणं घालणं, प्रवाळाला हात लावणं, कचरा, माहिती देणं अशी पंधरा कलमांची आचारसंहिता आहे. थायलंड, फिलिपिन्स, मालदीव, इजिप्त अशा देशांतल्या सदस्य शाळांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर आहे. थायलंड-मालदीवला जाणाऱ्या कुटुंबाने निवडीची सुरुवात या यादीपासून करावी. भारतात निवड करताना तेच प्रश्न स्वतः विचारावेत.

इथेही सुरक्षा आणि निसर्ग हे दोन वेगळे विषय नाहीत. ज्या विद्यार्थ्याला नीट तरंगायला शिकवलेलं असतं, तो प्रवाळावर पाय देत नाही आणि घाबरून वरही सुटत नाही. ज्याच्यावर घाईत दहा किलो शिसं लादून तळाशी बसवलेलं असतं, तो दोन्ही करतो.

९. सहलीच्या वेळापत्रकात डाइव्ह कुठे बसवावी?

विमानाच्या आत हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो. डाइव्हनंतर शरीरात उरलेला नायट्रोजन तिथे बुडबुडे करू शकतो. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या वैद्यकीय संस्थेची शिफारस अशी : एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास, आणि एकाहून अधिक डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास विमानात बसू नये.

समजा परतीचं विमान शनिवारी सकाळी ११ वाजता आहे. कोर्स केलेल्याने शुक्रवारी संध्याकाळी ५ च्या आत शेवटची डाइव्ह संपवायला हवी. शुक्रवारी दुपारी पोर्ट ब्लेअरची बोट धरायची असेल, तर शेवटची डाइव्ह गुरुवारीच. "काही होत नाही हो, सकाळी डाइव्ह करा नि दुपारच्या विमानाने जा" असं सांगणाऱ्या शाळेला हा नियम माहीत नाही किंवा पाळायचा नाही.

उंच रस्त्यालाही हेच लागू आहे. ही शिफारस साधारण ६०० मीटरच्या वरच्या उंचीला धरून केलेली आहे आणि आंबोली सुमारे ७०० मीटरवर आहे. मालवणला दिवसभरात दोन-तीन डाइव्ह करून त्याच रात्री आंबोलीमार्गे घाट चढायचा बेत टाळावा, एक मुक्काम किनाऱ्यावरच करावा.

'पॅरासेलिंग, बनाना राइड, जेट स्की आणि स्कूबा, सगळं दोन तासांत' हे कॉम्बो पॅकेजही याच दृष्टीने पाहावं. पॅरासेलिंगने उंचावर नेणं आणि बनाना राइडची दमछाक या दोन्ही गोष्टी स्कूबानंतर लगेच नकोत. त्याहून मोठी अडचण म्हणजे दोन तासांत सराव, सूचना आणि आरोग्याचा फॉर्म यांना जागाच उरत नाही.

१०. बुकिंगआधीचा एक फोन

वरचं सगळं लक्षात ठेवायची गरज नाही. पैसे भरण्याआधी दहा मिनिटांचा फोन करावा आणि हे विचारावं :

• माझ्याबरोबर पाण्यात उतरणाऱ्या इन्स्ट्रक्टरचं नाव आणि क्रमांक काय?
• त्या दिवशी त्याच्याकडे एकूण किती जण असतील?
• उथळ पाण्यात सराव किती वेळ, आणि त्यात काय काय करून घेता?
• आरोग्याचा फॉर्म आधी पाठवाल का?
• होडीवर ऑक्सिजन आहे का? अपघात झाला तर कुठे नेता?
• होडी नांगर टाकते की बोयाला बांधते?
• समुद्र खराब असेल किंवा मला सर्दी असेल, तर पैशांचं काय?

उत्तरं झटपट आणि नेमकी आली पाहिजेत. "ते सगळं होऊन जातं, तुम्ही या तर" हे उत्तर दोनदा आलं की पुढच्या शाळेला फोन लावावा.

इतकं करूनही होडीवर पोहोचल्यावर सांगितलेलं आणि दिसणारं जुळलं नाही, तर? डायव्हिंगच्या जगात एक नियम सगळीकडे मान्य आहे : कोणताही डायव्हर, कोणत्याही क्षणी, कारण न सांगता डाइव्ह सोडू शकतो आणि बाकीच्यांनी त्याला नावं ठेवायची नाहीत. हा हक्क पहिल्यांदाच पाण्यात उतरणाऱ्यालाही आहे. मुलगी होडीच्या कडेवर बसून रडवेली झाली असेल, तर "एवढे पैसे भरलेत" म्हणून तिला ढकलू नये. तिने वरूनच स्नॉर्केल लावून पाहिलं तरी मासे दिसतात. आणि परत आल्यावर शेरा लिहिताना पाच तारे देऊन थांबू नये. शिक्षकामागे किती जण होते, सराव किती मिनिटं झाला, माशांना खायला घातलं का, एवढे तीन तपशील लिहिले तर पुढच्या कुटुंबाला नेमकं हवं ते कळतं, आणि नीट काम करणाऱ्या शाळेकडे गिऱ्हाईक वळतं.